मधला भाग कापू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंद्याने निवृत्त मुद्रितशोधक आणि एके काळी ‘साडेसात’ या वाद्यवृंदाचा ऑर्गनवादक, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. ‘शुद्धीत’ हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्यावा. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यातील ‘मानसीक’ हा शब्द मी लाल शाईने दुरुस्त केला आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा तो दाखल्याहून चांगला पुरावा समजावा. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचे प्रयत्न झाले, ते कलम दोनमध्ये नमूद केले आहेत.

कलम १. यापूर्वी मी केलेली तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. तिसऱ्याची प्रत माझ्या कपाटातून काढून कोणीतरी वाचली आणि घडी उलटी घालून परत ठेवली, असा माझा संशय आहे. घरात घडी उलटी घालणारी व्यक्ती एकच आहे. तिचे नाव येथे घेत नाही. तिने हे वाचताना मान खाली घातली तरी पुरे.

कलम २. राहते घर माझ्या मुलीस, केवळ तिच्या एकटीच्या नावे, द्यावे. जावईबापू गेल्या महिन्यात मागच्या खोलीत मापपट्टी घेऊन उभे होते. मी विचारल्यावर म्हणाले, “सहज, बाबा.” सहज कोणी खोली मोजत नाही. त्यांनी या घरात राहण्यास माझी हरकत नाही, मोजण्यास आहे.

कलम ३. माझे शब्दकोश, भिंग आणि लाल शाईची दौत छापखान्यातील माझ्या जागी आलेल्या बाईंना द्यावी. त्या ‘आणि’ मधला ‘णि’ ऱ्हस्व लिहितात, एवढे मला पुरेसे आहे. माझी पितळी पट्टीही त्यांनाच द्यावी. या पट्टीने मी पन्नास वर्षे सरळ रेघ मारली आहे आणि ती कधीही वाकडी गेली नाही.

कलम ४. मागच्या खोलीतील दोन थरांच्या पट्ट्यांचा ऑर्गन (ज्यासाठीच ती खोली मोजली गेली असावी) माझ्या नातीस द्यावा. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते आणि संध्याकाळी तिघांच्या एका वाद्यवृंदात वाजवते. गेल्या वर्षापासून ती दर रविवारी येऊन ऑर्गनवरची धूळ पुसते. एकाएकी एवढी माया कोठून आली, म्हणून मी दाराआडून पाहिले. पुसता पुसता तिची बोटे ठेका धरत होती: चार, साडेतीन, चार, साडेतीन. ही आमची साडेसात मात्रा. मी तिला ती कधीही शिकवलेली नाही.

“हे कुठून उचललंस?” मी विचारले.

“आजोबा, हल्ली पुष्कळ जण वाजवतात असं. आमचं एक गाणं एकोणीस मिनिटांचं आहे.”

“आणि ऐकायला कोण येतं?”

“येतात की. बसतातसुद्धा.”

येतात, हे मी मान्य करतो. बसतात, यावर माझा विश्वास नाही. तरीही ऑर्गन तिलाच मिळावा. मात्र तो विकल्यास जावईबापूंशी संगनमत होते असे मानावे.

कलम ५. टेबलाच्या खालच्या खणात एक जाड धारिका आहे. तिच्यात ‘प्रोग्रेसिव्ह रॉक संपले’ अशा अर्थाची एकसष्ट कात्रणे आहेत. घरच्यांना माहीत आहे, पण जे परके हे वाचतील त्यांच्यासाठी सांगतो: रॉक संगीतातील हा तो प्रकार, ज्यात एकच रचना अर्धा-पाऊण तास चालते, ताल मध्येच वेष बदलतो आणि श्रोत्याला बूड टेकून ऐकावे लागते. आम्ही ‘साडेसात’ हेच वाजवत होतो. लोक आम्हाला ‘साडेसाती’ म्हणत, आणि तेही बसून म्हणत.

पहिले कात्रण सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचे, शेवटचे गेल्या चैत्राचे, नव्हे, गेल्या मार्चचे (तारीख इंग्रजी असेल तर महिनाही इंग्रजी लिहावा, ही शिस्त मी येथेही पाळतो). ज्याच्या मृत्यूची बातमी एकसष्ट वेळा द्यावी लागते, तो मेला असे मानणे तर्काला धरून नाही. आता कारणांविषयी. कोणी लिहितो, रेडिओला साडेतीन मिनिटांहून लांब काही नको होते. कोणी म्हणतो, तीन स्वर शिकून मंचावर चढलेल्या दांडग्या पोरांनी आम्हाला हुसकावले. एकाने तर आमच्या वाद्यांच्या वजनाला दोष दिला. माझा ऑर्गन चौघांशिवाय हलत नसे, त्यामुळे यात थोडे तथ्य आहे. पण या सर्व लेखकांचे क्रियापद सारखेच आहे: मेले, संपले, ओसरले. सगळी अकर्मक. मी आयुष्यभर क्रियापदे तपासली आहेत. जेथे जो तो अकर्मक क्रियापद वापरतो, तेथे कोणीतरी कर्ता लपवत असतो. ‘संपले’ नव्हे, ‘संपवले’. मग कोणी?

इतरांचे मला ठाऊक नाही. आमच्यापुरता कर्ता मला सत्तेचाळीस वर्षे माहीत आहे.

कलम ६. आमचा गिटारवादक अंगाने इतका किरकोळ होता की सगळे त्याला ‘टाचणी’ म्हणत. आमची मुख्य रचना ‘काचेचा कालवा’ बेचाळीस मिनिटांची होती आणि तिच्या बरोबर मध्यात अकरा मिनिटे एकटा ऑर्गन होता, म्हणजे मी. ध्वनिमुद्रण झाले. तबकडी काढणाऱ्या कंपनीच्या कचेरीत बैठक भरली. तेथे टाचणी सर्वांदेखत म्हणाला, “मधे जरा लांबतंय, नाही का?” मी त्याच रात्री, म्हणजे लागलीच, टेपच्या खोक्यावर स्वहस्ते स्पष्ट सूचना लिहून चिकटवली आणि खोका कंपनीकडे पाठवला. तबकडी आली तेव्हा तिच्यात मधली अकरा मिनिटे नव्हती.

मी टाचणीला विचारले. तो म्हणाला, “मी कुणाला काही सांगितलं नाही. पण खरं सांगू? कापलेलं ऐकून मला बरंच वाटलं.” यापुढे चौकशीची गरज उरली नाही. आठवड्याच्या आत ‘साडेसात’ मोडले. टाचणीने कुलपे दुरुस्त करण्याचे दुकान काढले, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. इतक्या जवळ का, हेही मी विसरलेलो नाही.

सबब, माझ्या अंत्ययात्रेत टाचणीस प्रवेश असू नये. तो फुले घेऊन आल्यास फुलेही घेऊ नयेत.

कलम ७. पलंगाखालच्या लोखंडी पेटीत, कंपनीने परत पाठवलेला टेपचा खोका आहे. तो मी कधीही उघडला नाही. आला तसा पेटीत ठेवला, कुलूप लावले आणि किल्ली पुलावरून पाण्यात टाकली. मृत्युपत्रात वस्तूचे वर्णन अचूक हवे, त्यामुळे पेटी उघडणे भाग आहे. मुलीला कुलूपवाला बोलावण्यास सांगितले आहे. वर्णन पुढे देत आहे.

(येथपर्यंतचा मजकूर शनिवारी लिहून प्रत्येक पानावर सही केली. पुढचा मजकूर सोमवारचा.)

कलम ८. मुलीने टाचणीलाच बोलावले. “बाबा, या भागात कुलूपवाला तो एकच आहे,” ती म्हणाली. या योगायोगावर माझा विश्वास नाही, आणि तो येथे नमूद करून ठेवतो.

टाचणी आता टाचणी राहिलेला नाही. पोट सुटले आहे. त्याने पलंगाखालून पेटी ओढली आणि कुलपाकडे पाहून म्हणाला, “हे दोन मिनिटांचं काम. अकरा लावू का?”

तो किल्लीचा ठसा घेतो की काय, म्हणून मी त्याच्या हातांवर नजर ठेवून उभा राहिलो. कुलूप उघडले. खोका वर आला. माझी चिठ्ठी जशीच्या तशी होती. टाचणीने चष्मा कपाळावर ढकलला आणि वाचले, “मधला भाग कापून ये.”

“कापू नये,” मी म्हणालो.

“इथं लिहिलंय तेच वाचतोय. कापून ये.”

“मी लिहिलंय ते मला ठाऊक आहे.”

“मग तूच वाच.”

मी भिंग आणले. त्या दिवशी चिठ्ठी देखणी व्हावी म्हणून मी पितळी पट्टी लावून सर्व अक्षरांवर एकच अखंड शिरोरेषा ओढली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शब्द कोठे संपतो हे दाखवणारी फट कोठेही नव्हती. ‘मधलाभागकापूनये’. ज्याला ‘कापू नये’ वाचायचे असेल त्याने ते वाचावे. ज्याला ‘कापून ये’ वाचायचे असेल त्याला रोखणारे त्यात काही नव्हते. जुन्या लेखनपद्धतीत येथे ‘कापूं’ असा अनुस्वार पडत असे आणि हा अनर्थ टळला असता. तो निरुपयोगी अनुस्वार रद्द व्हावा म्हणून वर्तमानपत्रांना तीन पत्रे शाळकरी वयात मीच पाठवली होती.

खोक्यात मुख्य रिळाशेजारी टेपचे एक छोटे वेटोळे सुतळीने बांधून ठेवले होते. त्याला चिठ्ठी होती, कंपनीत टेप कापण्या-जोडण्याचे काम करणाऱ्या गृहस्थांची: “आपल्या लेखी हुकमाप्रमाणे मधला भाग कापून आलो आहे. तुकडा सोबत परत. वाजवणाऱ्याचा हात चांगला आहे, वाईट वाटले.”

टाचणी पलंगाच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, “सत्तेचाळीस वर्षं मला खुनी ठरवलंस, आणि सुरी तुझ्या शिरोरेषेत.”

“तू ‘लांबतंय’ म्हणाला होतास.”

“लांबतच होतं. सगळंच तसलं होतं आपलं. ह्या रेघेसारखं. माणसानं श्वास घ्यावा इतकी फट कुठं सोडली नाही आपण. लोक उठून गेले तर आपण म्हणायचो, त्यांना कळत नाही.”

“आणि कंपनी?”

“कंपनी लबाड होतीच. पण हुकूम तुझा होता.”

कलम ९. मुद्रितशोधक चूक फाडून टाकत नाही. समासात दुरुस्ती लिहितो. म्हणून वरची पाने तशीच ठेवून पुढील बदल करतो.

(अ) कलम पाच: आमच्यापुरता कर्ता सापडला आहे. तो प्रथमपुरुषी, एकवचनी आहे. इतर वाद्यवृंदांनी आपापले खोके उघडून पाहावेत. क्षीण होणे आणि मरणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. नातीची बोटे पाहता पहिलेच लागू पडते. कंपनीवरील माझा संशय मात्र कायम आहे.

(आ) कलम सहा रद्द. टाचणीने यावे. फुले नकोत, किंचित तरी डोके हलवून साडेसात मात्रा मोजाव्यात.

(इ) कलम तीन: पितळी पट्टी कोणासही देऊ नये. ती माझ्याबरोबरच जावी. दुसऱ्याच्या हाती देणे धोक्याचे आहे.

(ई) मुख्य रीळ आणि तुकडा टाचणीस द्यावा, असे मी येथे लिहिले होते. आज, मंगळवारी, वकीलबाई आल्या; दुसरा साक्षीदार म्हणून टाचणी बसला होता. त्या म्हणाल्या, “काका, ज्यांना काही द्यायचंय ते साक्षीदार होऊ शकत नाहीत. यांची सही घ्यायची असेल तर यांना काही मिळणार नाही.”

मी टाचणीकडे पाहिले. टेप घेऊन तो सटकेल, असे मला क्षणभर वाटले. सवय एका दिवसात जात नाही.

“टेप पोरीला दे,” तो म्हणाला. “मला सही करू दे. सत्तेचाळीस वर्षांत माझी साक्ष कुणी काढली नाही.”

म्हणून टेप नातीस द्यावी. तिने तुकडा टाचणीच्या देखरेखीखाली जागच्या जागी जोडावा आणि बेचाळीस मिनिटे एकदा तरी सलग वाजवावीत. लोक बसले की उठले, ते मला कळवण्याची सोय नसल्याने टाचणीने पाहून ठेवावे.

कलम १०. या मृत्युपत्राचा कोणताही भाग, विशेषतः मधला, कापू नये. ‘कापू’ या शब्दानंतर शिरोरेषा तोडून पूर्ण जागा सोडली आहे. साक्षीदारांनी ती प्रत्यक्ष पाहून सही करावी.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

सही: निवृत्त मुद्रितशोधक, ऑर्गनवादक, ‘साडेसात’

साक्षीदार पहिल्या: वकीलबाई. लिहून देणाऱ्यांनी आमच्यासमक्ष सही केली. माझ्या शिक्क्यातील एक वेलांटीही त्यांनी दुरुस्त केली.

साक्षीदार दुसरे: टाचणी, गिटारवादक, ‘साडेसात’. जागा सोडलीये. मी बोट घालून बघितलं.