चौदा तास चाळीस मिनिटांची तालीम

दि. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मुलाचा फोन आला होता. तू इकडे यायचं खूळ डोक्यात घेतलंयस म्हणे! ताई, साडेबारा हजार किलोमीटर म्हणजे काही शेजारची गल्ली नव्हे. विमानात चौदा तास चाळीस मिनिटं बसायचं. तुझे पाय सुजतात, डॉक्टरीणबाईंनी लांबचा प्रवास नको म्हणून बजावलंय, हे मला का नाही कळवलंस?

हे गेल्याला तीन महिने झाले. मी चष्म्याच्या दुकानात पुन्हा कामाला जाते, दोन वेळा जेवते. यांचे शर्ट मात्र अजून कपाटात टांगलेत, त्यांना हात लावायचा धीर होत नाही. बाकी बरं आहे. उगाच जिवाशी खेळू नकोस.

लोभ दुरूनही पोचतो, तोच पाठव.
तुझी धाकटी

दि. १७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

खूळ तर खूळ. मेहुणे गेले तेव्हा सगळ्यांनी अंतर सांगून मला गप्प बसवलं, आणि मी बसले. तू एकटीने सगळं निस्तरलंस. त्याची मला रोज लाज वाटते. आता कुणाच्या बापाचं ऐकणार नाही.

तिकीट ऑफिसातली मुलगी म्हणाली, सीट सतरा इंच रुंद असते. मी आपल्या शिवणाच्या दुकानात खुर्ची मांडली, टेपने मोजून दोन्ही बाजूंना कापडाचे तागे रचले आणि काल पहाटे पाचला बसले. समोर मशीन होतं, पण हात लावला नाही. विमानात कोण शिवू देतंय? दर तासाला उठून कटिंगच्या टेबलाभोवती दहा फेऱ्या मारल्या. सूनबाई मांडीवर ताट ठेवताना पट्टा बांधलात का म्हणून चिडवायची. मुलगा दोनदा येऊन रागावून गेला. एका गिऱ्हाइकाने तर खाली समुद्र लागला का, असंही विचारलं. संध्याकाळी सात चाळीसला मी उतरले.

घोट्याचा घेर सकाळी साडेनऊ इंच, संध्याकाळी पावणेदहा. आज ते आकडे डॉक्टरीणबाईंपुढे ठेवले. आधी त्यांनी मला फैलावर घेतलं, मग पाय नीट तपासले, घट्ट मोजे लिहून दिले आणि जा म्हणाल्या.

लोभ पाठवत नाही, घेऊनच येते.
तुझी ताई

दि. २९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दुकानात सगळ्यांसमोर हसले, मग आत जाऊन रडले. पण बाईसाहेब, तुमची चौकशी अर्धीच झाली! येताना वारा विमानाच्या पाठीशी असतो, परतताना तोंडावर. परतीला सोळा तास वीस मिनिटं लागतात. तेवढी तालीम तू केलेली नाहीस.

आणि खरं सांगू? तू येशील, चार दिवस घर भरेल, मग तुला सोडून विमानतळावरून मी एकटी घरी येईन. ते मला पुन्हा झेपायचं नाही. म्हणून नको म्हणते.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी धाकटी

दि. १० एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सोळा तास वीस मिनिटं मला जमायची नाहीत, हे अगदी मान्य. म्हणून परतीचं तिकीट काढलंच नाही.

दुकान सूनबाईच्या हवाली केलंय. मुलगा तणतणला, परत कधी येणार म्हणून विचारत राहिला. त्याला सांगितलं, परतीची तालीम तिकडेच करीन, मला घाई नाही.

मेहुण्यांचे शर्ट कुणाला देऊन टाकू नकोस. मोठ्या बॅगेत माझी कात्री घातली आहे. तुझ्या मापाचे बेतून देते.

बावीस तारखेला सकाळी उतरते. विमानतळावर एकटीच ये. घरी दोघी जाऊ.
तुझी ताई