सतरावा ठिपका तीनदा डोळा मारतो

तीर्थरूप वहिनींस,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? दादा अजून घोरतो का? (उत्तर नको. मागच्या मुक्कामात मधे भिंत असूनही कळलं.)

तुम्ही संचालकांच्या दाराशी बसून अख्ख्या संस्थेची पाकिटं फोडता, पण माझ्या खोलीत काय चालतं ते कधी विचारलं नाहीत. चमकणाऱ्या रंगाचा एकेक रेणू लेझरखाली ठिपक्यासारखा पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो आणि शेवटी कायमचा मरतो. शेजारच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकबाई त्याची खरी फिल्म काढतात. मी संगणकात खोटे रेणू पेटवून खोटी काढतो. (दादा याला पगारी थापा म्हणतो.) दोन्हींची उघडमीट सरासरीने जुळली, की माझं गणित बरोबर. तर सोमवारी संगणकात 'खरी' नावाची फिल्म दिसली, ती माझ्या 'खोटी'शेजारी लावली आणि अंगावर काटा आला. ठिपका न् ठिपका जुळला! माझा सतरावा ठिपका तीनदा डोळा मारून मेला, तर तिथलाही तीनदाच. खरे रेणू असे कुणाच्या तालावर नाचत नसतात. म्हणजे बाईंनी माझीच फिल्म ढापून खरी म्हणून खपवली! मग मी पाळत ठेवली. बाई दार लावून बसतात. (अंधार लागतो म्हणे. म्हणे!) कॅन्टीनमध्ये मला पाहिलं की कप उचलून दुसरं टेबल गाठतात. मी सहज म्हटलं, "काय बाई, यंदा रेणू फारच शहाण्यासारखे वागले?" तर म्हणाल्या, "तुम्हीही वागून बघा की एकदा." चोरी ती चोरी, वर ही मिजास! शुक्रवारी चार पानी तक्रार लिहिली, बाईंना काढूनच टाका म्हणून, आणि 'गोपनीय' शिक्का मारून तुमच्या ट्रेमध्ये ठेवली.

दादाला कुशीवर झोपायला सांगा.

आपला,
धाकटा

ता. क. वहिनी, ते पाकीट साहेबांपुढे जाण्याआधी तेवढं काढून घ्याल का? बाईंची नोकरी जाईल हो. प्रोग्राम तपासायला मीच मागे माझ्या खोट्या फिल्मची प्रत 'खरी' या नावाने साठवली होती. बाईंची अजून यायचीच होती. आठवडाभर मी माझ्याच पाळतीवर होतो.

आणखी ता. क. बाईंची फिल्म आत्ता आली. माझ्याशी काही म्हणजे काही जुळत नाही, सरासरीसुद्धा. बाई निर्दोष आहेत, शंकाच नाही. पण त्यांचं भिंग मला बरोबर वाटत नाही. त्याचं वेगळं पाकीट सोबत जोडलंय. ते मात्र साहेबांपुढे ठेवा.