मागच्या सीटवर कोण

पूर्णा,
५ मे

प्रिय राजू,

हातात फोन असताना आईनं पत्र का लिहिलं, म्हणून तू हे पाकीट उलटसुलट करून बघशील. फोनवर तू निसटतेस, म्हणून लिहिलं. "आई, मीटिंग आहे" म्हटलंस की मला गप्प बसावं लागतं. पत्राला मीटिंग सांगता येत नाही.

आधी इथली बातमी. तुझ्या बाबांनी मागचं पत्र्याचं शेड रिकामं केलं. सरकीची पोती, माझी मोडकी शिलाई मशीन, सगळं अंगणात. बायनाबाईनं भांडी घासता घासता विचारलं, "सायब, म्हैस आणायलाव का काय?" बाबा म्हणाले, "म्हैसच म्हण. फकस्त दूध देत न्हाई, पेट्रोल पीती." ती खो खो हसली. मला हसू आलं नाही. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून ज्या माणसानं भिंतीला एक खिळा ठोकला नाही, तो भर उन्हात शेड झाडायला लागला, तर संशय येणारच.

पहिला संशय त्यांच्यावरच आला. रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन गच्चीवर जायचे, माझी चाहूल लागली की आवाज बारीक. एकदा मी हळूच डोकावले, तर पडद्यावर चिखल उडवत टेकाड चढणारी मोटरसायकल! मग बाबा कबूल झाले, "राजूला गाडी घ्यायचीय. डर्ट बाइक का ड्युअल-स्पोर्ट, ठरंना झालंय." आणि मला समोर बसवून धडाच दिला. डर्ट बाइक हलकी, उंच, खड्ड्यातून ससा उडावा तशी उडते. पण तिला दिवा नाही, नंबर प्लेट नाही, रस्त्यावर आणता येत नाही. टेम्पोत घालून रानापर्यंत न्यायची आणि तशीच परत आणायची. ड्युअल-स्पोर्ट अंगानं जड, पण पुण्याहून रस्त्यानं यावं आणि तशीच चुडाव्याच्या शेताकडं जाणाऱ्या आपल्या पांदीत घालावी. आपल्या काळ्या मातीत कुठली तग धरेल, यावर तुम्ही बापलेक तासन्‌तास बोलता म्हणे.

ती पांद मला आठवते गं. बाबांची राजदूत, टाकीवर तू, मागे मी, मांडीवर शेतात न्यायचा डबा. चाकात माती भरली की गाडी अडायची. बाबा काडीनं माती खरवडायचे आणि तू वाकून गाडीला विचारायचीस, "पोट भरलं का?" डबा सांडू नये म्हणून मी अंग चोरून बसायचे आणि मनातून वाटायचं, शेत अजून थोडं लांब असायला हवं होतं.

म्हणून गाडी घेतेस याचं मला वाईट वाटलं नाही. खटकलं ते वेगळंच. ज्या योगीराजरावांना तुझं स्कूटीवर बाजारात जाणंसुद्धा पटायचं नाही, त्यांचं नाव या एवढ्या चर्चेत एकदाही येऊ नये? मी बाबांना विचारलं, "जावईबापूंचं काय म्हणणं?" तर म्हणाले, "कैऱ्या लय आंबट निघाल्या यंदा."

आणि धोंड्याचा महिना तोंडावर आलाय. मागच्या धोंड्याला हेच बाबा जावयासाठी चांदीची वाटी घ्यायला सराफाकडे स्वतः धावले होते. पुरणाचे धोंडे तुपात बुडाले की नाही, हे स्वयंपाकघरात येऊन तपासत होते. यंदा मी वाटीचं काढलं, तर खाली बघत म्हणाले, "राहू दे. बघू." तुला विचारलं, तर तू म्हणालीस, योगीराजरावांना ऑफिसचं काम आहे. राजू, धोंडा महिनाभर असतो. महिन्यात एक रविवार मिळू देत नाही, असं कुठलं ऑफिस?

शाळेत असताना सिकंदराबादला आमच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलात दर रविवारी घरी पत्र लिहावं लागे आणि पाकीट उघडंच सिस्टरकडे द्यावं लागे. त्या वाचायच्या, मगच टपालात टाकायच्या. त्यामुळे आम्ही मुली सगळं छान आहे असंच लिहायचो. पण मी नुसतं हवापाणी आणि बागेतली फुलं लिहिली की माझी आई पुढच्या गाडीनं यायची. काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय ते ती वाचायची. तिची मुलगी आहे मी. गेले कित्येक महिने तू मला गाडीच्या टायरांबद्दल सांगतेस, घराबद्दल नाही.

परवा कैऱ्यांच्या फोडी वाळत घालायला गच्चीवर निघाले होते. जिन्यातच बाबांच्या फोनमधून तुझा आवाज ऐकला. "बाबा, मागची सीट कशाला हवी? बसायला आता आहे कोण?" बाबा म्हणाले, "दिवा तरी पाहिजे माय गाडीला." मी परात तशीच घेऊन खाली उतरले. त्यांना अजून माहीत नाही की मी ऐकलं. बिचारे! ज्यांना टरबुजाचा भाव लपवता येत नाही, ते तुझं एवढं मोठं ओझं घेऊन घरात फिरतायत.

तर राजू, पत्र यासाठी, की ते वाक्य तुला माझ्यासमोर उच्चारावं लागू नये. मला कळलंय. का, कधी, कुणामुळे, ते वाटेल तेव्हा सांग, नाही सांगितलंस तरी चालेल. धोंडे मी करणारच आहे, आणि जावयाच्या पाटावर तू बसायचंस. गल्लीतल्या बायकांकडे मी बघून घेईन. डर्ट बाइक मात्र घेऊ नकोस. रानात एकटीनं घिरट्या घालायच्या आणि टेम्पोत चढून परतायचं, असली गाडी मला नको. रस्त्यानं घरापर्यंत येते ती घे, दिवा असलेली. शेड झाडून तयार आहे. आणि मागची सीट काढू नकोस. चुडाव्याच्या पांदीत मला बसायचंय, गुडघ्यांचं माझं मी बघते. येताना हेल्मेट तेवढी दोन आण.

वाट बघणारी, तुझीच
आई