दाराला चिकटवलेला झेंडा

शिकागो, मंगळवार, ऑगस्ट १९८४

ऑलिंपिक सुरू झाल्यापासून पेपराच्या पहिल्या पानावर रोज अमेरिकेचा झेंडाच. त्यात गुंडाळलेला कुणीतरी धावणारा दात काढून हसतोय. बाकी जग मेलं की काय?

सकाळी नात मिनू म्हणाली, "आजी, आपण जिंकलो!"

"आपण कोण गं?" मी म्हटलं. तरी कणकेची खळ मीच शिजवून दिली. तिने ते पान बाहेरच्या दाराला चिकटवलं.

संध्याकाळी पाहिलं, तर झेंड्यावर कुणीतरी काळ्या शाईने खरडलेलं. मला मेलीला इंग्रजी कुठे येतंय? मुलाला विचारलं.

"काही नाही गं आई," म्हणत तो तेवढंच नखाने खरवडत राहिला.

मिनूने मोठ्याने वाचलं, "तुमच्या देशात परत जा."

मग आतून ओलं फडकं आणून बापाच्या हातात दिलं. "डॅडी, सगळंच काढ."

"झेंडापण?"

"सगळंच."