दोन बोटं आखूड

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय गोटी,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्हीही सगळे ठीक असाल. हे वाक्य मी एरवी सवयीने लिहिते. आज खरं आहे म्हणून लिहिते आहे.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र मधेच कट करता येत नाही. रागावली आहेस ते कळतं मला. बाबांचा बाक पोचवतो म्हणून आम्ही तारीख कळवली, तू भिंतीजवळची जागा रिकामी केलीस, आणि मग माझा दोन ओळींचा निरोप: येत नाही, बाकाचं नंतर बघू. त्यावर तू लिहिलंस, 'बाक ठेवून घ्यायचा असेल तर ठेवा, पण तसं सांगा.' वाचून मला इतकं लागलं! पण तेव्हा उत्तर देता येत नव्हतं. आता देते. आधी कॅरियरचं ऐक, कारण सगळी माशी तिथेच शिंकली.

सात फुटी बाक जीपच्या आत मावत नाही. तुझ्या घराकडचा शेवटचा रस्ता म्हणजे नुसते दगड, टेम्पोवाले ऐकूनच हात जोडतात. म्हणजे जीपच हवी, आणि जीपच्या टपावर कॅरियर हवं. साधी गोष्ट. पण तुझ्या दादाने साधी गोष्ट कधी साधी ठेवली आहे का? महिनाभर घरात दुसरा विषय नाही. जाळीचं की सपाट? अर्ध्या टपावर की पूर्ण? लोखंडी की ॲल्युमिनियमचं? जेवताना ताटाशेजारी चित्रं. मी म्हटलं, "अहो, दोन आडव्या दांड्या टाका, बाक बांधा आणि चला."

"दोन दांड्यांवर बाक जाईल गं. पण पुढे? तंबू कुठे ठेवायचा?"

"कुठला तंबू?"

"घ्यायचाय."

मी कपाळाला हात लावला. दुकानात गेलो तर तिथे एक लोखंडी कॅरियर होतं, चहूबाजूंनी कठडा, मागे शिडी, पुढे चार दिवे. दुकानदार त्याचं असं कौतुक करत होता, जसं काही पोटचं पोर. तुझ्या दादाने एवढंच विचारलं, "याचं स्वतःचं वजन किती?" टपाला जेवढं झेपतं त्यातलं निम्म्याहून जास्त ते कॅरियरच खात होतं. "मग वर काय, हवा ठेवायची?" म्हणाला आणि बाहेर पडला. शेवटी ठरलं ते ॲल्युमिनियमचं, सपाट, पूर्ण टपभर, आपल्या नाक्यावरच्या वेल्डरकडून मापाने बनवून घ्यायचं. टपाच्या दोन्ही कडांना पाणी वाहून जायला बारीक पन्हळ असते ना, तिच्यात त्याचे पाय घट्ट बसवायचे. तुझ्या दादाने टप मोजला, आणि जाऊन वेल्डरच्या भिंतीवर खडूने स्वतःच्या हाताने आकडा लिहून आला, एकशे अठ्ठावीस सेंटीमीटर.

कॅरियर सुरेख झालं. बसवायला घेतलं तर एका बाजूचे पाय पन्हळीत, आणि दुसऱ्या बाजूचे दोन बोटं अलीकडे. तुझा दादा वेल्डरवर खेकसला. तो बिचारा भिंतीकडे बोट करून म्हणाला, "काका, अक्षर तुमचंच ना?"

घरी येऊन तुझ्या दादाने रंगाची पर्वा न करता स्टीलची टेप टपावर दाबून धरली. एकशे बत्तीस. पुन्हा मोजलं. एकशे बत्तीस. मग पायरीवर बसून राहिला. मला वाटलं, चिडलाय, म्हणून चहा घेऊन गेले. कपाकडे न बघता म्हणाला, "बाबांची पहिली फळी अशीच आखूड पडली होती."

गोटे, मी कप तिथेच पायरीवर ठेवला.

बाबांचं तसंच सुरू झालं होतं हे आपल्या तिघांनाच माहीत. अख्खं आयुष्य सुतारकामात गेलेला माणूस, आणि एक दिवस दाराची फळी आखूड कापली. लाकूड आटलं म्हणाले. आपण हसलो. मग खिळे कुठे ठेवले ते आठवेना, मग घरचा रस्ता, मग आपली नावं. पुढचं तुला मी सांगायला नको. आणि हा तर मोजणी खात्यातला. याच्या मापावर लोकांचे बांध ठरले, भावाभावांची भांडणं मिटली. तो चारच फुटांच्या टपात चुकला!

त्या दिवशी गाडीची किल्ली खुंटीला लागली ती लागलीच. "रस्ताच विसरलो आणि शेजारी तू असलीस तर?" म्हणाला. तुझ्याकडे येणं रद्द केलं आणि मला बजावलं, "गोटीला कारण कळवायचं नाही. ती स्वतःच्या काळजीने खंगेल." म्हणून तो कोरडा निरोप. पुढे माणूस बोलेनासाच झाला. बोलता बोलता एखादं नाव आठवलं नाही तर, ही भीती. शेजारचे गप्पा मारायला आले की हा आत जाऊन पेपर वाचायचा, आणि पेपरचं पान उलटल्याचा आवाज काही यायचा नाही. मी गॅस बंद केला की हा उठून बघायचा, मग बघितलं की नाही ते बघायला पुन्हा उठायचा. रडावं की ओरडावं, मला कळत नसे. मी दोन्ही केलं, न्हाणीघरात नळ सोडून.

डॉक्टरीणबाईंकडे ओढूनच नेलं. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणून घेतले, नाना प्रश्न विचारले. सगळं चोख. "आजोबा, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय," म्हणाल्या. शिवाय बापाचं ते मुलांना होतंच असंही नाही, हे दोनदा सांगितलं. मला हायसं वाटलं. हा बाहेर येऊन म्हणतो, "पाठ होतं म्हणून जमलं. भिंतीवरचा आकडा काय खोटा आहे?" आता यावर काय बोलणार! डॉक्टरांवर विश्वास नाही, माझ्यावर नाही, आणि खडूवर पूर्ण विश्वास.

शेवटी जीप विकायला काढली. गिऱ्हाईक आज, रविवारी बघायला येणार होतं.

म्हणून शुक्रवारी मी गाडी पुसायला घेतली. विकायची तरी स्वच्छ विकू. पुढचा कप्पा उघडला तर आत काय, माझी जुनी शिवणाची टेप! टोकाला लाल दोरा बांधलेली.

तुला त्या दोऱ्याचं माहीत नसेल. कापडी टेप वापरून वापरून ताणते गं. चार-पाच वर्षांनी ती लांब होते आणि माप कमी दाखवते. अशा टेपेवर झगा बेतला तर गिऱ्हाईक दारात येऊन भांडेल. म्हणून मी तिला लाल दोरा बांधते, म्हणजे ही मापाला घ्यायची नाही. फेकत मात्र नाही, कापडाचे गठ्ठे बांधायला बरी पडते. दारामागच्या खिळ्याला लटकत असते.

मी तिथेच सीटवर बसले. मग धावले. या गुडघ्यांनी धावले! बेतायच्या टेबलावर नवी टेप पसरली, शेजारी ही जुनी. आणि अशी काही हाक मारली की तुझा दादा दाढीचा साबण तोंडावर घेऊनच आला.

"टप कशाने मोजला होतात तुम्ही? पहिल्यांदा?"

"टेपेने."

"कुठल्या?"

"तुझ्या. स्टीलची त्या गोलाईवर बसेना, रंगाला चरे पडत होते. दारामागची घेतली. का?"

मी नुसतं बोट दाखवलं. नव्या टेपेवर एकशे बत्तीस होतं तिथे जुनीवर एकशे अठ्ठावीस. त्याने वाकून बघितलं. टेपा उचलल्या, झटकल्या, पुन्हा स्वतः लावल्या, खालीवर करून लावल्या. मग टेबलाला धरून हळूच खाली फरशीवर बसला.

"म्हणजे मी बरोबर वाचलं होतं?"

"बरोबर वाचलंत, बरोबर लिहिलंत. टेप लबाड निघाली."

गोटे, तुझा दादा रडला. साबणाचा फेस आणि डोळ्यांतलं पाणी सगळं एक झालं, आणि मीही त्याच्या शेजारी बसून रडून घेतलं. इतके दिवस साप साप म्हणून आम्ही भुई धोपटत होतो. डोळे पुसता पुसता तो काय म्हणाला माहिती आहे? "ऑफिसात मोजणीची साखळी रोज सकाळी तपासून घ्यायचो मी. बायकोची टेप कोण तपासतं?"

आणि मग काय, भांडला! असली टेप जपून ठेवतेस कशाला, दोरा बांधलास तर सांगायला काय झालं होतं, घर आहे की भंगाराचं दुकान. मीही सोडलं नाही. विचारल्याशिवाय माझ्या वस्तूला हात कोणी लावला होता? चांगलं तासभर भांडलो. किती दिवसांनी! मला इतकं बरं वाटलं की मधेच हसू फुटलं, तर त्यावरून पुन्हा भांडला.

गिऱ्हाइकाला त्यानेच फोन करून सांगितलं, गाडी विकायची नाही. मग किल्ली खुंटीवरून काढली आणि थेट वेल्डरकडे. काल कॅरियरचे पाय वाढवून झाले. वेल्डरने सुचवलं होतं, "काका, कशाला एवढं करता? त्यातल्या दोन दांड्या काढून देतो, बाकापुरतं भागेल." हेच आठवड्यापूर्वी विचारलं असतं तर तुझा दादा 'काहीही करा' म्हणाला असता. काल त्याने माझ्याकडे बघितलं. सुरुवातीपासून दोन दांड्यांचा हट्ट माझाच ना!

मी म्हटलं, "पूर्ण टपभरच बसवा. आमचा तंबू यायचा आहे."

तर येत्या शनिवारी आम्ही येतो. बाक उलटा बांधलेला असेल, पाय आभाळाकडे. गाडी तुझा दादाच चालवणार आणि रस्ताही तोच सांगणार. मी फक्त शेजारी बसून दर वळणाला ओरडणार, नेहमीसारखी.

आणि एक. मागच्या वर्षी तू मला विचारलं होतंस, "वहिनी, दादा हल्ली विसरतो का गं?" मी छे म्हणून विषय बदलला. परवा ते आठवलं आणि लख्ख कळलं, तू दादाचं विचारत नव्हतीस. त्याआधी दोन वाक्यं तू म्हणाली होतीस की तुझ्या घराच्या किल्ल्या सारख्या हरवतात. किती दिवस एकटी भीत बसली आहेस, वेडे? आम्हीही इथे एकमेकांपासून लपवत तसेच बसलो होतो, काय मिळवलं? आता मी आले की आपण दोघी तुझ्या गावच्या डॉक्टरांकडे जाऊ. जे असेल ते कळेल, आणि बहुतेक काही नसेल. मी तुझ्याबरोबर आहे.

शनिवारी जीपचा आवाज आला की दार उघडायला घाई करू नकोस. किल्ली लगेच नाही सापडली तरी चालेल. आम्ही बाक उतरवून अंगणात त्याच्यावर बसतो, तू सावकाश शोध.

तुझी,
परवापासून शांत झोपणारी,
वहिनी