नरसय्याचा हिरवा दोरा

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आज सात रस्त्यावर एका गिऱ्हाइकानं दुसऱ्या कुणाकडून बनवून घेतलेला गळाचा रॉड मला दाखवला. "कड्या बघा की, कसल्या बांधल्यात!" तंगूस ओवायच्या कड्या, हिरव्या दोऱ्यानं बांधलेल्या. सावलीत काळा, उन्हात हिरवा. आमचाच तो.

नरसय्याच्या सुताच्या दुकानात मी नि नरसय्यानं मिळून तो शोधला. कोरडा दोरा बघून मी कधीच निवडत नाही, वॉर्निश लागलं की रंग पालटतो. म्हणून तुकडे वॉर्निशात बुडवून दोघं दारात उन्हाला धरून बसायचो. हा सापडला तेव्हा तोच ओरडला होता, "ह्यो कुणाला द्यायचा न्हाई बघ!"

दिवाळीत तोच म्हणाला, "संपला की रे. गिरणीनं काढायचाच बंद केला." मी मानलं. का नाही मानणार?

आज परत येताना मुद्दाम त्याला विचारलं, "तो हिरवा कुठं मिळंल का रे?" त्यानं चहा सांगितला. वर न बघता म्हणाला, "न्हाई रे. लई शोधला."

दुसऱ्याला विकला म्हणाला असता, तर चार दिवस बोललो नसतो, बस. पण शोधला म्हणे!

माझ्याकडं त्या हिरव्याचं शेवटचं रीळ होतं, स्वतःच्या रॉडसाठी ठेवलेलं. गेल्या महिन्यात ते नरसय्याच्याच रॉडला बांधून संपवलं. त्यानं हातात घेऊन नुसतं "कशाला रे" म्हटलं होतं.

मला वाटलं, भरून आलंय त्याला.