डोळ्याखालची खळगी

३ जानेवारी, शुक्रवार

ती खळगी मीच बुजवली. इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

सकाळी अमेरिकेतून मेल आला. ऑक्टोबरात पाठवलेली हरणाची दोनशे चाळीस मुंडकी, सगळी सदोष! डोळ्याच्या खाली, नाकाकडे उतरणारी एक लांबट खळगी असायला हवी होती. एकाही मुंडक्याला नाही. आमचे मालक रणजीतसर लॅपटॉप हातात घेऊनच शेडमध्ये आले आणि थेट चिमाजीकाकांसमोर धरला. "काका, ही खळगी कुठाय? तिकडून इचारत्यात!"

काकांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "केली आसंल की," म्हणाले.

मी चार पावलांवर उभी. हातात ओकेचा शिक्का.

४ जानेवारी, शनिवार

काल पुढे लिहवेना. आज सगळं नीट लिहिते.

तिकडे लोक लायसन काढून हरणाची शिकार करतात. मग कातडं आणि शिंगं कारागिराकडे नेऊन देतात. तो कारागीर फोमच्या तयार मुंडक्यावर ते कातडं चढवतो, काचेचे डोळे बसवतो, आणि हरीण जातं दिवाणखान्याच्या भिंतीवर. शिकाऱ्याला त्याचे आपले साठ-सत्तर हजार मोजावे लागतात, वर वर्षभर थांबावं लागतं. त्यातलं आतलं फोमचं मुंडकं आमचं. चिखलीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये तयार होतं! त्याचे आम्हाला काय मिळतात ते न लिहिलेलंच बरं. इथे हरणाला कुणी हात लावला तर जेल, आणि आमच्या बायका दिवसभर हरणाची मुंडकी घासतात.

हरणाची ही आमची पहिलीच ऑर्डर. आजवर फायबरच्या गाई, कपड्यांच्या दुकानातले पुतळे, असलं काम. सगळ्या शेडमध्ये हरीण जवळून पाहिलेला माणूस एकच, चिमाजीकाका. देहूचे. लहानपणी डोंगराच्या अंगाला गुरं राखताना त्यांना पाय मोडलेलं भेकर सापडलं होतं. चार दिवस मांडीवर घेऊन बसले होते म्हणे. पूर्वी बेंदराचे मातीचे बैल करायचे, त्या बोटांनी आता अमेरिकेचं हरीण! सरांनी फोटो आणि मापं दिली, काकांनी शाडूत मुंडकं घडवलं. त्यावरून साचा काढला. साचा निघताना शाडूचं मुंडकं मोडतं, त्यामुळे मागे पुरावा म्हणून काही उरत नाही.

आणि मी कोण? तर क्वालिटी! अकरा वर्षं चाकणला बंपर तपासले. बंपरवरून बोट फिरवायचं, खड्डा लागला की लाल स्टिकर. कुणाचं काही ऐकायचं नाही. सप्टेंबरात पहिली मुंडकी साच्यातून निघाली, तर प्रत्येकाच्या डोळ्याखाली खड्डा. दोन्ही बाजूंना! मला वाटलं, फोम नीट भरत नाही. काका तेव्हा सुट्टीवर होते, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. फोन करून विचारता आलं असतं. नाही केला. खड्डा म्हणजे खड्डा, त्यात विचारायचं काय?

पहिल्या तीस मुंडक्यांना पुट्टी भरून घेतली. एकेका मुंडक्याला पंधरा मिनिटं जायची. मग साच्यात वाकून बघितलं तर आत दोन उंचवटे. म्हटलं, रोगाचं मूळ हेच! पॉलिश पेपर घेऊन मी स्वतः ते घासून सपाट केले. पुट्टी भरणाऱ्या गोजाबाईने बॅटरी धरली. त्या दिवसापासून रिजेक्ट शून्य. खंडेनवमीला सरांनी सगळ्यांसमोर मला स्टीलचा कॅसरोल दिला. कसं केलं ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

काका परत आले ते गाईंच्या कामाला लागले. फोमच्या धुळीकडे यायला डॉक्टरांनीच मनाई केली होती.

६ जानेवारी, सोमवार

सरांनी साचा उघडून बघितला. आत सपाट. मग त्यांनी संबंध जोडला — ऑगस्टात काकांना मोतीबिंदू होता. "काकांला दिसतच नव्हतं! आणि आमी त्यांच्या हाती एक्स्पोर्टचं काम दिलं. चूक आमचीच हाय."

सर वाईट माणूस नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला काकांची बाजू घेऊन भांडता तरी आलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत काका माझ्या टेबलापाशी आले. "दीपाबाई, तू तर समदी मुंडकी हातानं तपासतीस. तुला जाणवलं न्हाई व्हय, कायतरी कमी हाय म्हणून?"

"नाही काका," म्हणाले मी.

असं म्हणाले! इतक्या सहज.

काका स्वतःच्या बोटांकडे बघत होते. "डोळ्याचं सोड. डोळा म्हातारा झाला. पर बोटाला कसं कळलं न्हाई गं?"

डबा तसाच परत आणला.

७ जानेवारी, मंगळवार

गोजाबाई पुट्टी कालवता कालवता हळूच म्हणाली, "ताई, म्या बॅटरी धरली व्हती, पर उजेड कुठं पडला ते म्या बघितलं न्हाई." आणि डोळा मारला. उपकार केल्यासारखा! मला तिचा राग आला. मग लक्षात आलं, राग तिचा नाहीच.

९ जानेवारी, गुरुवार

लाइट बंदचा वार, म्हणून सुट्टी. रोहिदासना सगळं सांगितलं. आमचे हे चाकणला कंपनीची बस चालवतात, वीस वर्षं झाली तरी बोलणं लातूरचंच. भाजी निवडत होते, मान वर न करता म्हणाले, "गप बस की. तुला कोण विचारालंय?"

मी म्हटलं, कुणी विचारत नाही हीच तर अडचण आहे.

"मग विचारू दे आधी."

पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "म्हातारा काय म्हणालाय पण?" मी बोटांचं सांगितलं. त्यांनी निवडलेली मेथी परत जुडीत टाकली.

११ जानेवारी, शनिवार

काकांना निरोप दिला. शाल, नारळ, पेढे. सर बोलले, "काकांनी लई केलं कंपनीसाठी. आता आराम करावा." पुढचं मुंडकं कॉम्प्युटरवर करून घेणार आहेत.

फोटो काढताना सरांनी मला काकांच्या शेजारी उभं केलं. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. फोटो ग्रुपवर आला आहे. मी उघडलेला नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ कॅसरोलमध्ये भरला. मग काढून साध्या डब्यात ठेवला.

१७ जानेवारी, शुक्रवार

तिकडच्या कारागिराने फोटो पाठवले. मला वाटायचं, एवढीशी खळगी, काय फरक पडतो! पडतो. कातड्याची कड त्या खळगीत दाबून चिकटवायची असते. खळगीच नाही, तर कातडं वाळताना डोळ्याखाली सुटतं आणि फुगतं. फोटोतलं हरीण रात्रभर जागरण करून आल्यासारखं दिसत होतं.

एका शिकाऱ्याचं पत्रही जोडलं होतं. सरांनी मोठ्याने वाचून, मराठीत करून सांगितलं. म्हातारा आहे, बहुतेक शेवटची शिकार. "मी त्याच्याकडे पंधरा मिनिटं बघत होतो. हा तो नाही," असं लिहिलंय.

आधी मला रागच आला. अरे बाबा, तूच मारलंस, आणि आता जिवंत का दिसत नाही म्हणून तक्रार करतोस! गोजाबाई तर हसून हसून लोळायची बाकी होती. पण मग ते पंधरा मिनिटांचं डोक्यातून जाईना. पैसे मोजले म्हणून कुणी असं लिहीत नाही. त्याने ते तोंड बघितलं होतं, लक्षात ठेवलं होतं. काकांनी बघितलं होतं. मी एकटीच अशी, जिने दोनशे चाळीस तोंडांवरून बोट फिरवलं आणि एकही बघितलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

देहूला जाऊन आले. सांगायचंच, असं ठरवून गेले होते. पेरू घेतले, चिकू घेतले. फळांचं ओझं हातात असलं की जीभ सुटेल असं वाटलं की काय मला!

काका ओट्यावर उन्हात बसलेले. शेजारी शाडूची बादली, वरची माती वाळून भेगा पडलेल्या. त्यांची सून रश्मी चहा देताना माझ्याकडे तक्रार करत होती. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली होती, ती काकांनी नको म्हणून कळवली. "ताई, तुम्ही तरी सांगा. एका डोळ्याने पायरी दिसत नाही त्यांना. परवा पडता पडता वाचले."

"बोटं गेली," काका म्हणाले, "आता डोळा घिऊन काय वाती वळायच्यात?" आणि हसले. रश्मीला हसू आलं नाही. मलाही नाही.

मग आपणहून भेकराचं काढलं. "त्येच्या डोळ्याखाली भोक असतंय, एवढं. त्यातनं वास येतुया. झाडाला घासतंय त्ये, म्हंजी बाकीच्यास्नी कळावं, आपुन हितनं गेलो म्हणून. म्या त्यात बोट घातलं व्हतं, पोरगं व्हतो. दोन दीस वास गेला न्हाई. आन् तीच खळगी म्या इसरलो! दुसरं कायबी इसरलो आसतो, दीपाबाई. कान इसरलो आसतो."

माझ्या घशापर्यंत आलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "तू आलीस, बरं वाटलं. कंपनीतलं दुसरं कुनी फिरकलं न्हाई." आणि मी गिळून टाकलं. मला चांगलं म्हणत होते ना! ते मला हवं होतं. एवढी मी हलकी.

बसमध्ये रडले. शेजारची बाई म्हणाली, खिडकी लावू का, धूळ जाते का डोळ्यात.

२७ जानेवारी, सोमवार

सरांना सांगितलं. केबिनचं दार लावून, उभ्या उभ्या. पॉलिश पेपरही सांगितला.

सर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग म्हणाले, "आणखी कुणाला म्हायती हाय?"

"गोजाबाईला."

"बास. तिथंच राहू द्या." त्यांनी कारागिराला कळवलंय, आमच्या मूर्तिकाराचे डोळे गेले होते, आता माणूस बदलला. तिकडच्यांना ते पटलंय. त्यांनी उलट काकांना शुभेच्छा पाठवल्यात! नवी ऑर्डर यायच्या बेतात आहे. "आता क्वालिटीनंच चूक केली म्हणून सांगू? ऑर्डर गेली तर पंधरा बायका घरी बसतील, ताई. काकांचा पगार मी चालू ठेवतो, वर्षभर. मग तर झालं?"

खोटं कशाला लिहू? एक क्षण सुटल्यासारखं वाटलं. कबूलही झालं, नोकरीही राहिली, काकांना पगारही! टेबलापाशी येऊन शिक्का उचलला. पहिलंच मुंडकं समोर होतं. बदली म्हणून पाठवायचं, नव्याने खळगी कोरलेलं. बोट फिरवलं तर बोट आपोआप त्या खळगीत उतरलं.

पगार काय करायचाय काकांना? त्यांचं जे गेलं ते सरांकडे नाहीच. ते माझ्याकडे आहे.

२९ जानेवारी, बुधवार

रोहिदासना म्हटलं, उद्या देहूला जाते. ते म्हणाले, "मी येतो. बाहेर थांबतो." मग थोड्या वेळाने, "नोकरीचं बघू. चाकणमध्ये बंपर संपलेत होय?"

३० जानेवारी, गुरुवार

सांगितलं. पुट्टी, पॉलिश पेपर, कॅसरोल. "नाही काका" असं मी म्हणाले होते, तेही.

पाया पडायला वाकले तर काकांनी मनगट धरलं. घट्ट.

"किती खोल व्हती?"

मला कळेना.

"खळगी गं! तू बोट फिरवलं आसशील की. किती खोल व्हती?"

"करंगळीचं टोक बसेल एवढी."

"आन् लांब?"

"अंगठ्याच्या पेराएवढी. नाकाकडे उतरती."

"दोनी बाजूला?"

"दोन्ही बाजूंना, काका. अगदी सारखी."

काकांनी माझं मनगट सोडलं. डोळे मिटून बसले, अंगठा करंगळीच्या टोकावर घासत. मग आत हाक मारली, "रश्मी, त्या डोळ्याच्या डाक्टरला फोन लाव."